एका मांडवाखाली चार वाइन: वाल्पोलिचेल्लाची गोष्ट

मार्चमध्ये तासगावच्या बाजूला गेलात की रस्त्याच्या दोन्ही अंगांना हिरव्या शेडनेटनं झाकलेली बेदाण्याची शेड दिसायला लागतात. माझ्या मामांचं त्यातलंच एक. बागेतून क्रेट येतात, द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवून काढतात आणि एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरतात. बारा-पंधरा दिवसांनी चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा हातात येतो. तेवढे दिवस मामांची नजर मालावर कमी आणि आभाळाकडे जास्त असते. एक अवकाळी सर आली की हिरवा बेदाणा काळा पडतो आणि सौद्यात त्याच्याकडे कुणी बघत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याच शेडात बसून मी त्यांना सांगितलं की इटलीत एका भागात द्राक्षं अशीच सुकवायला ठेवतात, पण बेदाणा होण्याआधीच मध्येच उचलतात आणि त्याची वाइन करतात. आणि ती तिथल्या महागड्या वाइनमध्ये मोडते. मामांनी एकच प्रश्न विचारला: "अर्धी सुकवायची, मग पुन्हा रस काढायचा? ताज्याचाच का नाही काढत?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर वाल्पोलिचेल्ला नावाच्या त्या डोंगराळ पट्ट्यापासून सुरुवात करावी लागते.

रोमिओ-ज्युलिएटमुळे वेरोना हे नाव आपल्या कानावर असतं. ईशान्य इटलीतल्या वेनेतो प्रांतातलं हे शहर, आदिजे नदीच्या वळणात वसलेलं. शहराच्या उत्तरेला लेस्सिनी नावाचे डोंगर आहेत, आल्प्सच्या पायरीवर बसल्यासारखे. या डोंगरांतून हाताची बोटं पसरावीत तशा दऱ्या दक्षिणेकडे मैदानात उतरतात. त्या दऱ्या आणि त्यांच्या मधल्या सोंडा म्हणजे वाल्पोलिचेल्ला. पश्चिमेकडच्या पाच गावांचा भाग सगळ्यांत जुना: नेग्रार, मारानो, फुमाने, सांत आंब्रोजो आणि सान पिएत्रो इन कारियानो. बाटलीवर 'क्लास्सिको' असं लिहिलेलं असेल तर द्राक्षं या पाच गावांतली. पूर्वेकडे वाल्पांतेना, मेझ्झाने, इल्लासी अशा दऱ्या नंतर हद्दीत आल्या. आज एकूण 19 गावांत मिळून आठ हजार हेक्टरांहून जास्त द्राक्षबागा आहेत.

पश्चिमेला गार्दा हे इटलीतलं सगळ्यांत मोठं सरोवर आहे. ते हिवाळ्यात थंडीची धार बोथट करतं आणि उन्हाळ्यात दुपारी वारा पाठवतं. रात्री डोंगरावरून गार हवा खाली उतरते. त्यामुळे द्राक्षात साखर भरते, पण आंबटपणा पळून जात नाही. खाली पो नदीच्या मैदानात शरद ऋतूत दाट धुकं साचतं. टेकड्यांचे माथे त्याच्या वर असतात, तिथे हवा कोरडी आणि वाहती. ही धुक्याची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सगळा खेळ तिच्यावर आहे.

जमीन बहुतेक चुनखडीची. मध्येमध्ये काळा ज्वालामुखी खडक लागतो, म्हणजे आपल्याकडच्यासारखाच बेसॉल्ट. उतारावर बिनचुन्याच्या, नुसत्या रचलेल्या दगडी ताली आहेत. तिथे त्यांना 'मारोन्ये' म्हणतात. आणि याच डोंगरातला पांढरा-गुलाबी दगड खाली नेऊन रोमनांनी वेरोनाचं प्रसिद्ध अरेना बांधलं, जिथे अजून उन्हाळ्यात ऑपेरा होतात.

आता द्राक्ष. आपल्याकडे थॉमसन म्हटलं की काम भागतं. इथे एका वाइनमध्ये किमान दोन-तीन जाती लागतात. पण कारभारीण एकच: कोर्विना. नियमानुसार मिश्रणात तिचा वाटा 45 ते 95 टक्के. नाव आलंय 'कोर्वो' म्हणजे डोमकावळ्यावरून, मण्याच्या काळ्या रंगामुळे. तिच्या जोडीला कोर्विनोने, म्हणजे शब्दशः थोरली कोर्विना. मणी मोठे, घड मोठा. कित्येक वर्षं लोक तिला कोर्विनाचाच एक प्रकार समजत होते. 1990च्या दशकात डीएनए तपासला तेव्हा ती निराळी जात निघाली. तिसरी रोंदिनेल्ला, नाव पाकोळीवरून. ही रोगाला दाद देत नाही, माल भरपूर देते, सुकतेही छान. चवीत मात्र फार काही सांगत नाही. तिचा वाटा 5 ते 30 टक्के. मोलिनारा हे नाव पिठाच्या गिरणीवरून पडलंय, कारण तिच्या मण्यांवर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरट झाक असते. पूर्वी ती घालणं सक्तीचं होतं. रंग फिका, अंग हलकं. 2003 पासून सक्ती उठली आणि बहुतेकांनी तिला निरोप दिला. मला यात थोडी घाई झाली असं वाटतं, त्याचं कारण शेवटाकडे येईल.

बाग बघितली तर आपल्या माणसाला परकं वाटणार नाही. जुन्या बागा 'पेर्गोला वेरोनेसे' पद्धतीच्या आहेत, म्हणजे चक्क मांडव. खोड माणसाच्या उंचीइतकं वर नेऊन काड्या आडव्या, किंचित वर चढत्या तारांवर पसरायच्या. पानांचं छप्पर वर आणि घड खाली सावलीत लोंबकळते. आपल्याकडे मांडव सोडून लोक वाय पद्धतीकडे गेले, तसं तिथेही बरेच जण तारेच्या उभ्या कुंपणासारख्या बागांकडे वळले. एक काळ असा होता की मांडव म्हणजे फक्त टनेज काढणाऱ्यांची पद्धत अशी नाकं मुरडली जायची. आता उन्हाळे तापायला लागल्यावर तीच सावली हवीशी झाली आहे.

मांडव तिथे टिकण्याचं आणखी एक कारण कोर्विनाच्या स्वभावात आहे. तिच्या काडीवरच्या बुडाकडच्या डोळ्यांत घड नसतो. दोन डोळ्यांवर छाटली तर पानं येतील, फळ येणार नाही. म्हणून काडी लांब ठेवावी लागते, आणि लांब काडी पसरायला मांडवासारखी जागा नाही. आपल्याकडे खरड छाटणी एप्रिलमध्ये आणि फळछाटणी ऑक्टोबरच्या आसपास, वेलाला झोप अशी नाहीच. तिथे वेल हिवाळाभर निपचित पडतो. थंडीत एकदाच छाटणी, एप्रिलमध्ये फूट, जूनच्या सुमारास फुलोरा, ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी. वर्षाला एक छाटणी, एक पीक.

या कोर्विनाची ताजी वाइन कशी लागते? हलकी. रंग पारदर्शक लाल, आंबट चेरीचा वास, बदामाच्या सालीसारखी किंचित कडसर शेवटची चव, आंबटपणा खणखणीत. तोंडाला कोरडं करणारं टॅनिन कमी. गार्दाच्या काठावर याच जातींपासून बार्दोलिनो नावाची वाइन होते, तीही अशीच, किंबहुना आणखी हलकी. दुपारच्या जेवणाबरोबर गार करून प्यायला उत्तम. पण अंगात बळ नाही, वर्षानुवर्षं टिकेल असा कस नाही.

आणि मामांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ज्या द्राक्षाला निसर्गानं हलकं केलं त्याला दाट करायचं, तर पाणी काढायचं.

पाणी काढणं म्हणजे नक्की काय

या सुकवण्याला तिथे 'आप्पास्सिमेंतो' म्हणतात. साध्या हिशेबानं बघू. 100 किलो ताजी द्राक्षं घेतली, त्यात 19 किलो साखर. माळ्यावर ठेवून 35 किलो पाणी उडून गेलं. उरली 65 किलो द्राक्षं, साखर जवळपास तेवढीच. म्हणजे 19 टक्क्यांवरून ती 29 टक्क्यांच्या घरात गेली. मणी जिवंत असतो, श्वास घेतो, त्यात थोडी साखर खर्ची पडते, म्हणून धरा 28. ताज्या द्राक्षाची वाइन साडेअकरा टक्के अल्कोहोलची झाली असती, कारण ढोबळमानानं लिटरमागे 17 ग्रॅम साखरेचं एक टक्का अल्कोहोल होतं. सुकवलेल्याची जाते 16च्या आसपास. फक्त साखर नाही, सालीतला रंग, टॅनिन, आंबटपणा, वासाची द्रव्यं, सगळंच कमी पाण्यात येऊन बसतं.

मग पाक करतात तसा रस आटवून का नाही काढला? कारण आच लागली की ताजा वास जातो आणि जॅमची चव येते. आणि सुकताना मण्याच्या आत नुसतं पाणी उडत नसतं. वेलापासून तुटलेला मणी हळूहळू तहानलेला होत जातो आणि त्या ताणाला उत्तर म्हणून काही जनुकं नव्यानं कामाला लागतात. रेस्व्हेराट्रॉलसारखी संरक्षक द्रव्यं तयार होतात, मॅलिक आम्ल घटतं, नवे वास जन्मतात. कोर्विनामध्ये हे बदल इतर कित्येक जातींपेक्षा ठळक दिसतात. म्हणजे सुकवलेलं द्राक्ष हे 'कमी पाण्याचं ताजं द्राक्ष' नसतं. ती वेगळीच वस्तू असते.

म्हणूनच वेळ लागतो, आणि म्हणूनच आपल्या शेडातलं काम आणि तिथलं काम यात दिवस-रात्रीचा फरक आहे. आपण डिपिंग करतो ते मण्यावरचा मेणाचा थर मोडायला, म्हणजे पाणी भराभर बाहेर पडावं. त्यात मार्च-एप्रिलचं ऊन आणि कोरडा वारा. तिथे मेणाला हात लावत नाहीत, उष्णता देऊन झटपट सुकवणं नियमात बसत नाही, आणि बाहेर हिवाळा येऊ घातलेला. आपले बारा-पंधरा दिवस. त्यांचे तीन ते चार महिने.

त्या जागेला 'फ्रुत्तायो' म्हणतात. पूर्वी तो घराचा वरचा माळा असायचा, दोन्ही बाजूंना खिडक्या, मधून वारा. शक्यतो टेकडीच्या माथ्यावर, त्या मघाच्या धुक्याच्या वर. आत वेताच्या-बोरूच्या चटयांचे मजले, त्यांना 'आरेले'. याच चटयांवर वसंतात रेशमाचे किडे पाळायचे आणि शरदात द्राक्षं पसरायची. एकाच सामानावर दोन धंदे. आज बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या किंवा लाकडी उथळ पेट्या दिसतात. एका पेटीत पाच-सहा किलो, घडांचा एकच थर, कुणी कुणावर चढलेलं नाही. मोठमोठे पंखे, आर्द्रता मोजणारे सेन्सर; हवा दमट झाली की खिडक्या आपोआप बंद आणि पंखे चालू.

घड निवडण्यातच अर्धी लढाई. यासाठीची तोडणी सगळ्यांत आधी, हातानं, कात्रीनं. घड सुटा पाहिजे, मण्यांमधून हवा फिरायला हवी. निर्यातीच्या द्राक्षाला आपण विरळणी करतो, जवळपास त्याच कारणासाठी. एक मणी फुटलेला असला तर महिन्याभरात शेजारचे चार जातात. ऑक्टोबरमध्ये हे घड टपोरे, निळे-काळे असतात. नोव्हेंबरात देठ तपकिरी होऊन काड्यांसारखे कडक होतात. डिसेंबरात मण्याला सुरकुत्या पडतात, बोटानं दाबला तर आत घट्ट, चिकट गर. जानेवारीत तो मनुकेच्या निम्म्या वाटेवर असतो, आणि तिथेच त्याला थांबवायचं.

शत्रू एकच, बुरशी. राखाडी बुरशी ठरावीक द्राक्षांवर, ठरावीक हवेत आली तर काही देशांत तिच्यापासून अप्रतिम गोड वाइन करतात. गोड वाइनसाठी इथेही थोडी चालते. पण दाट लाल, कोरड्या (म्हणजे साखर न उरलेल्या) वाइनचा ती रंग खाऊन टाकते आणि शिळकट वास देते. म्हणून बहुतेक जण आज तिला दारात उभं करत नाहीत.

सुकवलेल्या द्राक्षांच्या कोरड्या वाइनला अमारोने म्हणतात, आणि नियम सांगतो की तिच्यासाठीची द्राक्षं 1 डिसेंबरच्या आधी चेचायची नाहीत. बरेच जण जानेवारीपर्यंत थांबतात. मग तळघरात कडाक्याची थंडी आणि समोर साखरेनं दाटलेला रस. यीस्टला हे दोन्ही आवडत नाही. आंबवण एरवी आठ-दहा दिवसांत आटोपतं, ते इथे महिना-दीड महिना रखडत चालतं.

चार वाइन

आता एकाच बागेतून चार बाटल्या कशा निघतात ते बघा.

पहिली, ताज्या द्राक्षांची साधी वाल्पोलिचेल्ला. तिच्याबद्दल वर सांगितलंच. 'सुपेरिओरे' लिहिलेलं असेल तर किमान 12 टक्के अल्कोहोल आणि वर्षभर मुरवलेली.

दुसरी रेचोतो. खरं तर वयानं हीच थोरली. सुकवलेल्या द्राक्षांचा रस आंबवायचा आणि साखर संपायच्या आत थांबवायचं. लिटरमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम साखर सहज उरते. नाव 'रेचा' या स्थानिक शब्दावरून, म्हणजे कान. घडाच्या वरच्या बाजूला दोन छोटे फाटे फुटतात, कानांसारखे. ऊन त्यांना जास्त मिळतं, म्हणून तेवढेच तोडून सुकवायचे. सहाव्या शतकात ऑस्ट्रोगॉथ राजांच्या दरबारात कासिओदोरस नावाचा मंत्री होता. राजाच्या जेवणासाठी वेरोनाकडची वाइन मिळवा असं त्यानं आपल्या अधिकाऱ्याला लिहिलं, आणि ती कशी करतात तेही वर्णन केलं: शरदात द्राक्षं निवडून टांगायची, सुकू द्यायची, आणि कडक हिवाळ्यात त्यांचा रस काढायचा. ते पत्र आजही वाचायला मिळतं. दीड हजार वर्षांत पद्धत फारशी हललेली नाही.

तिसरी अमारोने. जगभर नाव हिचं, पण जन्म म्हणाल तर चुकून. रेचोतो करताना आंबवण वेळेत थांबलं नाही, यीस्टनं सगळी साखर फस्त केली, तर गोडाच्या जागी कोरडी, जहाल वाइन हाती लागायची. शेतकरी तिला 'रेचोतो स्कापा' म्हणायचे, म्हणजे हातून निसटलेला रेचोतो. दूध नासलं म्हणून कुणी मिरवत नाही, तसं हिलाही मिरवत नसत. 1936 सालची एक गोष्ट तिथे सगळे सांगतात. नेग्रारच्या सहकारी वायनरीत अदेलिनो लुक्केसे हा तळघराचा प्रमुख होता. विसरून गेलेलं एक पिंप त्यानं उघडलं, चाखलं आणि म्हणाला की हे नुसतं 'आमारो' नाही, हे तर 'अमारोने' आहे. आमारो म्हणजे कडू. 'ओने' लावलं की थोरलं. गोष्ट थोडी घोटून गुळगुळीत झालेली वाटते, पण तिथल्या माणसांना ती आवडते आणि मलाही. कडू मात्र ती नाहीये; गोडाची अपेक्षा ठेवून घोट घेतला तेव्हा ती कडू लागली, एवढंच.

अमारोने बाजारात खऱ्या अर्थानं आली ती 1950च्या दशकात. वाल्पोलिचेल्लाला डीओसी हा दर्जा 1968 मध्ये मिळाला, म्हणजे कुठल्या गावातलं, कोणत्या जातीचं, किती उत्पादन, हे सगळं कायद्यानं बांधलं गेलं. अमारोने आणि रेचोतोला त्याही वरचा डीओसीजी दर्जा 2010 मध्ये आला. नियमाप्रमाणे अमारोनेत किमान 14 टक्के अल्कोहोल हवं. प्रत्यक्षात 15-16 नेहमीचंच. तोडणीनंतरच्या 1 जानेवारीपासून दोन वर्षं मुरवायची, 'रिझेर्वा' म्हणायची तर चार. जुन्या वळणाचे लोक मोठ्या, जुन्या ओकच्या पिंपात मुरवतात, नव्या वळणाचे लहान नव्या पिंपात. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास काहींना भावतो, मला त्यात द्राक्ष हरवल्यासारखं वाटतं. नेग्रारचे नामवंत वाइन उत्पादक जुसेप्पे क्विंतारेल्ली 2012 मध्ये गेले. हातानं लिहिल्यासारखी त्यांची लेबलं आणि वर्षानुवर्षं पिंपात ठेवायचा त्यांचा धीर यांमुळे अख्ख्या भागाकडे बघायची नजर बदलली.

चांगल्या अमारोनेचा वास घेतला तर सुकी चेरी, काळ्या मनुका, अंजीर, कोको, थोडी दालचिनी. घोट जड, जवळजवळ गोडसर, पण शेवटी कोर्विनाचा मूळ आंबटपणा येऊन तोंड साफ करतो. तो आला नाही तर समजा की बाटली चुकली.

चौथी रिपास्सो, आणि ती समजायला कटाची आमटी आठवा. पुरणासाठी डाळ शिजवली, वरचं दाट पाणी निथळलं, ते टाकायचं कशाला? त्याची फोडणी देऊन आमटी. अमारोने काढून घेतल्यावर जी सालं-बिया उरतात त्यांत रंग असतो, वास असतो, थोडी साखर आणि जिवंत यीस्टही असतं. त्यावर शरदात केलेली साधी वाल्पोलिचेल्ला ओतायची. पुन्हा आंबवण सुरू होतं, वाइनला रंग आणि अंग येतं, अल्कोहोल एखाद्या टक्क्यानं वाढतं. 'रिपास्सो' म्हणजेच पुन्हा एकदा फिरवणं. शेतकऱ्यांच्या घरी हे जुनंच होतं. मासी या कंपनीनं 1964च्या हंगामातली काम्पोफिओरिन बाजारात आणली तेव्हा त्याला दुकानात जागा मिळाली. स्वतंत्र दर्जा 2010 चा. नियम असा की जेवढी अमारोने किंवा रेचोतो काढली, फार तर तिच्या दुप्पट रिपास्सो. म्हणजे आमटीत पाणी किती वाढवायचं तेही ठरलेलं.

यशाचा जाच

जास्तीची अमारोने करायची तर जास्त द्राक्षं माळ्यावर जाणार. सुकवायला अर्थातच सर्वोत्तम घड. मग साध्या वाल्पोलिचेल्लाच्या वाट्याला काय? उरलंसुरलं. 1990नंतर अमारोनेची मागणी वाढत गेली तसं हे उघड दिसायला लागलं. डोंगरावरची बाग खाली मैदानात उतरली, जिथे पूर्वी मका असायचा तिथेही वेल चढले. पीक किती सुकवायचं यावर टक्केवारीची मर्यादा आहे, आणि माल जास्त झाला की उत्पादकांचा संघ ती आणखी खाली आणतो. अलीकडे नव्या लागवडीलाही लगाम घातला आहे. सौद्यात आवक वाढली की काय होतं ते तासगावात कुणाला सांगायला नको.

दुसरी अडचण हवामानाची. ज्या काळात कोर्विना कशीबशी पिकायची त्या काळात सुकवणं हा उपाय होता. आता उन्हाळा लांबला, द्राक्षं वेलावरच गोड होऊन येतात. तेवढेच दिवस सुकवलं तर अल्कोहोल 17च्या दिशेनं जातं आणि दोन घोटांनंतर पुढे जाववत नाही. म्हणून काही जण तोडणी अलीकडे ओढताहेत, काही कमी दिवस सुकवताहेत, काही उंचावरच्या बागा शोधताहेत. आणि काही हुशार मंडळी पुन्हा साध्या, ताज्या, फिकट वाल्पोलिचेल्लाकडे वळली आहेत. अशा वाइनला मोलिनाराचा हलकेपणा आणि मिठासारखी चव उपयोगी पडते. म्हणून म्हटलं की तिला निरोप द्यायची घाई झाली.

बाटली घ्यायची वेळ आली तर एक सावधगिरी. लेबलवर नुसतं 'आप्पास्सिमेंतो' दिसलं म्हणजे अमारोने नव्हे. सुकवण्याची पद्धत कुठल्याही भागात, कुठल्याही जातीवर वापरता येते, आणि थोडीफार सुकवलेली द्राक्षं घालून गोडसर केलेल्या स्वस्त वाइन भरपूर मिळतात. वाईट असतात असं नाही. फक्त ते दुसरंच गाव.

आणि दुसरी, जेवणाबद्दलची. वेरोनात अमारोने घालून रिसोत्तो नावाचा मऊ भात करतात, तासन् तास शिजवलेल्या मांसाबरोबर ती पितात, किंवा नुसत्या जुन्या चीजच्या तुकड्याबरोबर. रेचोतो डार्क चॉकलेटबरोबर. हे वाचून कुणी अमारोने आणि तांबडा रस्सा असा बेत आखू नये. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं; 16 टक्क्यांची वाइन आणि कोल्हापुरी मसाला एकत्र आले की चव राहते बाजूला आणि कानातून वाफा निघतात. रस्सा करायचाच असेल तर साधी वाल्पोलिचेल्ला अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून घ्या. तिचा आंबटपणा सोलकढीचं काम करतो.

गेल्या दिवाळीत मी एक अमारोने घेऊन मामांकडे गेलो. मामांनी आधी वास घेतला, मग घोट, मग पुन्हा वास.

"बेदाण्याचा वास येतोय," ते म्हणाले. "पण बेदाण्याची चव नाही."

मी म्हटलं, अगदी बरोबर. मग त्यांनी हिशेब विचारला. मी सांगितलं की नियमानं 100 किलो ताज्या द्राक्षांमागे जास्तीत जास्त 40 लिटर वाइन. ताज्याची केली असती तर 70च्या आसपास निघाली असती. मामांनी मान डोलावली, चाराला एक करणाऱ्या माणसाला त्यात नवल वाटलं नाही.

"आणि शेड किती दिवस अडकतं म्हणालास?"

"शंभर-एकशेवीस दिवस, मामा."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "तेवढ्यात माझे सात लॉट निघतात," म्हणाले, आणि उरलेली बाटली माझ्याकडे सरकवली.